शिकवणी

गणितात अठ्ठावीस, कम्प्युटर सायन्सला एकतीस.
शर्वाणीने मार्कशीट भाकरीच्या टोपलीखाली ठेवली,
म्हणजे मला सापडावी, पण जेवणं झाल्यावर.

मग मी हिंडले.
दादरचा क्लास : जिन्यापासून पोरांचे फोटोच फोटो,
हार घातलेले नव्हते एवढंच.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, तीन हप्ते, एसीचे वेगळे,
एकच सीट उरलीय, आज भरलेत तर.
हिंदू कॉलनीत एक निवृत्त प्राध्यापक.
दार अर्धंच उघडून म्हणाले,
नव्वदच्या खालचे मी घेत नाही.
विचारणार होते,
ताप नसलेलेच पेशंट घेणारा डॉक्टर कुठे बसतो हो?
नाही विचारलं. चपला घातल्या.

शेवटी चिंचपोकळीला, झेरॉक्सवाल्याच्या खांबावर
हाताने लिहिलेला कागद. खाली कात्रीने कापलेल्या
नंबरांच्या चिठ्ठ्या, झालरीसारख्या.
एकही फाडलेली नाही.
मी दोन फाडल्या. एक हरवेल म्हणून नव्हे,
पुढच्याला वाटावं, येतं कुणीतरी हिच्याकडे.

सलोनी हडकर, वय तेवीस.
ट्रान्झिट कॅम्प, चौथा मजला. लिफ्ट आहे, चालत नाही.
स्वतःचं नाव सांगताना ती 'स'वरच इतकी अडली
की चिठ्ठीवर वाचलेलं नाव मीच पुरं करणार होते.
पण फळ्यावर (फळा कसला, कपाटाचं दार)
सूत्र लिहायला लागली की आवाज सरळ,
उतारावर सोडलेल्या सायकलसारखा.
मार्कशीट तिने मागितलीच नाही.
म्हणाली, पेपर दाखव. चूक कशी आहे बघू,
हुशार की आळशी.

फी तीन हजार. दहा तारखेनंतर दिली तरी चालेल.
मी पलंगाच्या कडेला बसून राहायचे,
कानावर पडेल ते पडू द्यायचे.

एका गुरुवारी शर्वाणी अडली.
आठ आकडे, चढत्या क्रमाने लावायचे, तेही मशीनकडून.
तीनदा खोडलं. नाकाचा शेंडा लाल.
सलोनी माझ्याकडे वळली, "क-काकू,
ओपीडी सुटल्यावर केस पेपरांचा ढीग येतो ना तुमच्याकडे?
कसा लावता?"

त्यात काय लावायचंय.
एक कागद उचलायचा, कुठलाही.
त्याच्याहून लहान नंबर डावीकडे, मोठे उजवीकडे.
मग डाव्या ढिगातला एक उचलायचा, परत तेच.
उजव्यातही तेच. ढीग संपेस्तोवर.
बावीस वर्षं. शिकवलं कुणी नाही.
पहिला महिना हात रडले, मग त्यांचे तेच शिकले.

मार्कर हवेतच थांबला.
"शर्वाणी, लिही. आई बोलली तस्संच."

तिने लिहिलं, चालवून बघितलं.
आठ कसले, दहा हजार आकडे
पापणी लवायच्या आत रांगेत.
माझी सबंध दुपार जाते.
जूनपासून रेकॉर्डरूममध्येही मशीन येणार आहे.
सर्क्युलर लागलंय. मोठ्याने कुणी वाचत नाही.
पोरगी माझ्याकडे बघत होती,
कधी नव्हे ते, अशी,
आणि मला कुठे बघावं कळेना.

म्हणून विचारलं,
"आणि ज्याच्यावर नंबरच नाही, तो?"
"नंबर नाही म्हणजे?"
म्हणजे अनोळखी, पुरुष, अंदाजे चाळीस.
पोलिसांनी आणलेला. खिशात एक किल्ली, बाकी काही नाही.
हा डावीकडे की उजवीकडे?

सलोनी काही बोलली नाही, आणि ते अडखळणं नव्हतं.

मी त्याला वेगळा ठेवते, सांगितलं.
खिडकीशी, पंचिंग मशीनच्या वजनाखाली.
कुणी विचारत आलंच
तर शोधाशोध नको.

शर्वाणीने कर्सर वर नेला,
मधे एक रिकामी ओळ घातली
आणि मान न वळवता म्हणाली,
"आई, कुठल्या खिडकीशी?"